देण्याची रीत

प्रास्ताविक

प्रत्येक घरात काही वस्तू अशा असतात, की त्या मोडलेल्या नसतात. परंतु त्या घरापुरता त्यांचा उपयोग संपलेला असतो. मूल चालू लागले, की पाळणा माळ्यावर जातो. इयत्ता बदलली, की पुस्तके गठ्ठ्यात बांधली जातात. अशा वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याच्या उत्तरात मात्र माणसामाणसांमधील नाते, घेणाऱ्याचा स्वाभिमान आणि समाजातील साधनांची वाटणी यांचा विचार सामावलेला आहे. प्रस्तुत पाठात आपण त्या विचाराचा परिचय करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• वस्तूची किंमत आणि वस्तूचा उपयोग यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• दान, विक्री आणि टाकून देणे यांतील भेद सांगू शकाल;
• विनोबा भावे यांचा दानविषयक विचार थोडक्यात मांडू शकाल;
• आपल्या घरातील नको असलेल्या वस्तूंबाबत विचारपूर्वक निर्णय घेऊ शकाल.

मूळ पाठ

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हुणसूर हे तालुक्याचे गाव लागते. लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी ते वसलेले आहे. आसपासची शेती तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे आणि नागरहोळेचे अरण्यही येथून दूर नाही. असे समजू या, की नोकरीनिमित्त या गावात राहिलेल्या एका मराठी कुटुंबाची बदली झाली आहे. सामानाच्या गाडीत सारे काही मावणार नाही. एक सागवानी पाळणा, पायाने चालवायचे शिलाई यंत्र, दोन गाद्या आणि मुलीची शाळेची पुस्तके मागे ठेवावी लागणार आहेत.

जुन्या सामानाचा व्यापारी येतो, सगळ्या वस्तूंकडे एक नजर टाकतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा ऐकून घरातील सर्वांचे चेहरे उतरतात. गृहिणी म्हणते, “एवढ्याशा पैशांसाठी विकण्यापेक्षा कोणाला तरी देऊन टाकू.” गृहस्थ म्हणतात, “फुकट मिळालेल्या वस्तूची कोणाला किंमत राहत नाही. विकलेले बरे.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे.

किंमत आणि उपयोग

बाजारात जुन्या वस्तूचा भाव ठरतो, तो ती पुन्हा विकली जाण्याच्या शक्यतेवरून. व्यापाऱ्याला वाहतूक, दुरुस्ती, जागेचे भाडे आणि स्वतःचा नफा यांचा हिशेब करावा लागतो. त्यामुळे तो देतो ती रक्कम कमी असते, यात त्याचा दोष नाही. परंतु ज्या घरात नुकतेच मूल जन्मले आहे आणि नवा पाळणा घेण्याची ऐपत नाही, त्या घराच्या दृष्टीने त्याच पाळण्याचे मोल नव्या पाळण्याएवढे असते. शिलाई यंत्राचे तर त्याहून अधिक. कारण ते एखाद्या स्त्रीच्या हाती गेले, तर तिला रोजचे काम मिळते.

याचा अर्थ असा, की देणाऱ्याला विक्रीतून जे मिळते आणि घेणाऱ्याला त्या वस्तूतून जे लाभते, त्यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. हे अंतर जितके मोठे, तितके विकण्यापेक्षा देणे अधिक सार्थ ठरते.

नात्यातले देणे

वापरलेली वस्तू देणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी तान्ह्या बाळासाठी शिवली जातात. घरातल्या सर्वांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधडी तयार होते. एकाच पाळण्यात घरातील दोन-तीन पिढ्या वाढतात. मामेभावाचा सदरा अंगात घालताना कोणत्याही मुलाला कमीपणा वाटत नाही. शेजारून पदार्थ घालून आलेले भांडे रिकामे परत करू नये, ही रीतही सर्वांच्या परिचयाची आहे.

मग तोच सदरा अनोळखी माणसाने दिला, तर संकोच का वाटतो? कारण वस्तू तीच असली, तरी मधले नाते नसते. नात्यात आज घेणारा उद्या देणारा होतो. नाते नसले, की एक कायम देणारा आणि दुसरा कायम घेणारा, अशी विभागणी होते. आपल्या समाजाने अशा विभागणीचे कटू रूपही पाहिले आहे. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला शिळे अन्न आणि उतरलेली वस्त्रे येत. त्या देण्यातून त्यांना हीन लेखले जाई. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शिळे तुकडे आणि मृत जनावरांचे मांस सोडून स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले. देणाऱ्याने हा इतिहास विसरता कामा नये. ज्या देण्याने घेणाऱ्याची मान खाली जाते, ते दान नव्हे.

येलवालचा विचार

हुणसूरहून म्हैसूरकडे जाताना येलवाल नावाचे गाव लागते. २१ व २२ सप्टेंबर १९५७ रोजी या लहानशा गावात एक असाधारण परिषद भरली होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू, जयप्रकाश नारायण, केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद असे भिन्न मतांचे नेते तेथे एकत्र आले होते. विषय होता ग्रामदान. आणि ज्यांच्या कार्यामुळे ही परिषद भरली, ते होते आचार्य विनोबा भावे. परिषदेने ग्रामदान चळवळीला पाठिंबा दर्शवला.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. त्यांची आई कर्नाटकातली. घरच्या फणसाचे गरे आधी शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवायचे आणि मगच आपण खायचे, असा तिचा दंडक होता. देणारा तो देव आणि स्वतःजवळच ठेवणारा तो राक्षस, असे ती मुलाला समजावीत असे. एकदा दारात आलेल्या धडधाकट भिकाऱ्याला तिने भिक्षा घातली, तेव्हा विनोबांनी अशाने आळस वाढेल, अशी शंका काढली. त्यावर, पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारे आपण कोण, असे तिचे उत्तर होते. ‘फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने या उत्तराचा विचार करावा.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलितांनी विनोबांकडे जमिनीची मागणी केली. गावातील रामचंद्र रेड्डी यांनी तेथेच शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान चळवळीचा प्रारंभ झाला. पुढे विनोबा अनेक वर्षे देशभर पायी फिरले. त्यांच्या मते दान म्हणजे उपकार नव्हे, तर योग्य वाटणी. आद्य शंकराचार्यांनी दानाचा अर्थ ‘संविभाग’ असा केला होता. विनोबांनी त्याचाच आधार घेतला. देणारा वर आणि घेणारा खाली, ही कल्पनाच या अर्थात उरत नाही.

या चळवळीत चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. मात्र त्यातील बरीच जमीन खडकाळ, नापीक किंवा वादात अडकलेली निघाली. कितीतरी जमिनीचे वाटप होऊ शकले नाही. मोठ्या चळवळीतून मिळालेला हा धडा घरातील लहान दानालाही लागू पडतो. दिलेली वस्तू उपयोगी आहे का आणि ती गरजूच्या हाती खरोखर पोहोचते का, हे पाहिल्याशिवाय दान पूर्ण होत नाही.

दान की ओझे?

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हाहाकार उडवला. देशभरातून मदत आली. तीत जुन्या कपड्यांचे प्रचंड ढीग होते. त्यांतले पुष्कळ कपडे तेथील लोकांच्या वापरातले नव्हते. कोणीही न स्वीकारलेले ते कपडे रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. पाठवणाऱ्यांची भावना चांगली होती. परंतु घेणाऱ्याला काय हवे, हे फार थोड्यांनी विचारले होते.

ते कपडे निवडून उपयोगात आणण्याचे काम ‘गूंज’ या संस्थेने हाती घेतले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत घरातील ६७ कपड्यांपासून या संस्थेचा आरंभ केला. गावकऱ्यांनी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, बांबूचा पूल बांधावा आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून कपडे व इतर वस्तू घ्याव्यात, अशी तिची पद्धत आहे. त्यामुळे वस्तू ही भीक न राहता कष्टाची कमाई ठरते. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरवण्यात आले.

इतरत्रही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील टूसॉन शहरात २००३ मध्ये ‘फ्रीसायकल’ हा उपक्रम सुरू झाला. नको असलेली वस्तू गावातल्याच दुसऱ्या माणसाला विनामूल्य द्यायची, एवढाच त्याचा नियम. इराणमध्ये २०१५ च्या हिवाळ्यात भिंतींवर खुंट्या ठोकून गरम कपडे टांगण्यात आले. गरज नसेल त्याने ठेवावे, गरज असेल त्याने न्यावे. महाराष्ट्रातील कोल्हापूरसारख्या शहरांत ‘माणुसकीची भिंत’ या नावाने हीच कल्पना रुजली. येथे देणारा आणि घेणारा समोरासमोर येत नाहीत. त्यामुळे संकोचही उरत नाही.

विक्री वाईट नव्हे

देण्याचा गौरव करताना विकण्याला कमी लेखण्याचे कारण नाही. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातील घरोघरी ओळखीची आहे. ते कपडे धुऊन, सांधून, इस्त्री करून पुन्हा बाजारात येतात आणि कमी पैशांत अंग झाकतात. रद्दी, काच, पत्रा यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेने कचरा वेचणाऱ्यांच्या कामाला कष्टाचा मान मिळवून दिला.

म्हणून मोडलेली वस्तू भंगारात देणे, हेच योग्य. बिघडलेला दूरदर्शन संच वा संगणक गरिबाच्या घरी पाठवणे म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात टाकणे होय; अशा वस्तू अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्याव्यात. उरलेली औषधे तर कोणालाही वाटू नयेत. ज्याची स्वतःचीच ओढाताण आहे, त्याने जुनी वस्तू विकून चार पैसे मिळवले, तर त्यातही लाजण्यासारखे काही नाही.

निर्णय

आता हुणसूरच्या त्या कुटुंबाकडे परत जाऊ या. त्यांनी पाळणा धुऊन-पुसून घेतला, सैल झालेला खिळा ठोकला आणि शेजारच्या बाळंतिणीला आधी विचारले, “तुम्हांला चालेल का?” यंत्राला तेल घातले आणि शिवणकाम शिकणाऱ्या एका तरुणीला ते चालवून दाखवले. पुस्तके शाळेत पोहोचवली. एक गादी चांगली होती, ती दिली. दुसरी फाटली होती, ती कापूस पिंजणाऱ्याला विकली. गृहस्थांची शंका खरी ठरली का? निघण्याच्या दिवशी शेजारीण नारळ आणि घरच्या केळ्यांचा फणा घेऊन आली. भांडे रिकामे परत आले नव्हते. देणारे आणि घेणारे यांच्यात शेजारधर्माचे नाते होते, म्हणून वस्तूची किंमत राहिली.

वस्तू दारातून बाहेर जाताना तिच्याबरोबर आपला आदरही गेला पाहिजे. घेणाऱ्याला विचारावे, वस्तू स्वच्छ व धड असावी, उपकाराची भाषा नसावी आणि दिल्यानंतर तिच्यावर हक्क सांगू नये, हीच देण्याची रीत आहे.

शब्दार्थ

ऐपत – खर्च करण्याची आर्थिक शक्ती
दंडक – नियम, शिरस्ता
संविभाग – योग्य रीतीने केलेली वाटणी
चरितार्थ – उदरनिर्वाह
सांधणे – फाटलेले शिवून जोडणे

पाठगत प्रश्न

१. जुन्या वस्तूंचा व्यापारी कमी रक्कम का देऊ करतो?
२. मामेभावाचा सदरा घेताना मुलाला संकोच का वाटत नाही?
३. रिकाम्या जागा भरा :
(अ) येलवालची परिषद ______ या वर्षी भरली.
(आ) विनोबांच्या मते दान म्हणजे उपकार नव्हे, तर ______.

आपण काय शिकलात

• वस्तूची बाजारातील किंमत आणि गरजूला होणारा उपयोग या भिन्न गोष्टी आहेत.
• दान म्हणजे वाटणी. त्यात घेणाऱ्याचा स्वाभिमान जपला गेला पाहिजे.
• निरुपयोगी वस्तू देणे हे दान नसून ओझे आहे.
• योग्य ठिकाणी केलेली विक्रीही समाजोपयोगी असते.

स्वाध्याय

१. ‘ज्या देण्याने घेणाऱ्याची मान खाली जाते, ते दान नव्हे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. भूदान चळवळीतील अनुभव घरगुती दानाला कसा लागू पडतो, ते लिहा.
३. गृहस्थांचे आणि गृहिणीचे म्हणणे यांपैकी आपणांस कोणते अधिक पटते? सकारण लिहा.
४. उपक्रम : आपल्या घरातील वापरात नसलेल्या पाच वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तू द्यावी, विकावी की भंगारात घालावी, ते ठरवून तिच्यापुढे कारण लिहा.