चार्जर फुकट, वायरचं बिल तुमचं

शोरूममध्ये गाडीबरोबर चार्जर ‘फ्री’ मिळतो, बसवून देणंही ‘फ्री’. कागदाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत एक ओळ असते: अमुक मीटरपर्यंतच्या केबलसह. माझ्या कागदावर तो आकडा १० होता. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मीटर रूम जिन्याखाली आणि माझं पार्किंग पार मागच्या भिंतीला. टेप धरून वळणांसकट मोजलं, ३८ मीटर भरलं. त्यामुळे घरी चार्जिंगला किती खर्च येईल असं कुणी विचारलं, की मी आधी मीटरपासून गाडीपर्यंतचं अंतर विचारतो.

घरी दोनच पर्याय विचारात घ्यायचे. एक, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट. त्यावर गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर चालतो आणि तासाला अडीच ते तीन युनिट भरतो. दुसरा, भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स. तो वेगळा विकत घ्यायचा झाला तर २५ ते ५० हजार. हायवेवरच्या डीसी फास्ट चार्जरचा घरी विषयच नाही.

आता हिशेब करा. रोज ४० किलोमीटर धावणारी छोटी गाडी साधारण सहा-सात युनिट खाते. साध्या पॉइंटवर ती तीन तासांत भरून होते. रात्रभर लावली तर दीडशे किलोमीटरची बेगमी. मग वॉलबॉक्स कशाला? घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील, किंवा रात्री बाराला येऊन पहाटे पाचला लांब निघायचं असेल, तरच घ्या. एरवी ती चैन आहे. शिवाय गाडीच्या आत जो ऑनबोर्ड चार्जर असतो, वेग तो ठरवतो. तो ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ७.२ चा डबा लावूनही ३.३ च मिळणार. ११ आणि २२ किलोवॉटच्या डब्यांना थ्री फेज जोडणी लागते आणि तेवढं झेपणारी गाडीही.

माझा सल्ला असा: पॉइंट १६ चा लावा, पण वायर सहाची ओढा. वायरमनच्या भाषेत ‘सहाची’ म्हणजे ६ चौरस मिलिमीटर तांब्याची. मजुरी तेवढीच पडते आणि पुढे वॉलबॉक्स घ्यावासा वाटला तर भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. ३२ अँपिअरला सहाच्या वायरमध्ये ३८ मीटरवर साडेसात व्होल्ट गळतात, ते चालतं. अंतर ५० मीटरच्या पुढे गेलं तर दहाची घ्या. माझा खर्च असा पडला: तीन कोअरची आर्मर्ड केबल १५ हजार, आरसीबीओ (सुरक्षा स्विच) आणि त्याचा डबा चार हजार, मेटलक्लॅड सॉकेट दीड हजार, अर्थिंगचा खड्डा सात हजार, मजुरी आणि ट्रे सहा हजार. एकूण साडेतेहतीस. फक्त चारची वायर टाकली असती आणि इमारतीचं अर्थिंग नीट असतं, तर १७-१८ हजारांत भागलं असतं.

अर्थिंगवर कुणी पैसे घालत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. अर्थिंग खराब असेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बसून राहतो. कोटेशन घेण्याआधीच वायरमनला मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी तो प्रश्न मिटवा.

वीजबिलाचं गणित शोरूमवाले सांगतात तितकं गोड नाही. ‘किलोमीटरला एक रुपया’ हे घरगुती स्लॅबमध्ये बसत नाही. महिन्याला १,२०० किलोमीटर, युनिटला सात किलोमीटर, चार्जिंगमधली गळती धरून १९० युनिट. घरचा वापर २०० असेल तर बिल ३९० वर जातं. म्हणजे गाडीची १०० युनिट ३०० पर्यंतच्या टप्प्यात आणि ९० त्यापुढच्या. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरांनी वहन आकारासह पहिली साधारण साडेअकरा रुपयांची, दुसरी पावणेसोळाची. वर १६ टक्के वीज शुल्क. झाले तीन हजारांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. पेट्रोलचे सात धरले तरी फायदा आहेच. दर बदलत राहतात, तेव्हा स्वतःच्या ताज्या बिलावरचे आकडे घालून बघा.

त्याच बिलावर ‘मंजूर भार’ शोधा. तो तीन किलोवॉट असेल तर एसी, गिझर आणि गाडी एकत्र चालणार नाहीत. भार वाढवण्याचा अर्ज करा. वाढीव अनामत भरावी लागते, आणि थ्री फेजवर गेलात तर स्थिर आकार बराच चढतो. वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मिळते. तिला घरगुती स्लॅब लागत नाहीत, पण नवा मीटर आणि त्याचा स्थिर आकार आला. एकट्या गाडीला ती क्वचितच परवडते; पाच-सहा जण मिळून घेणार असाल तर विचार करा.

सोसायटीत अर्जासोबत केबल कुठून जाणार त्याचा कागदावर काढलेला नकाशा द्या. कमिटीची खरी भीती लिफ्ट-पंपाच्या मीटरवरून कुणी वीज घेईल ही असते. केबल माझ्याच घरच्या मीटरवरून येणार, हे पहिल्याच वाक्यात लिहा. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. त्यांची ताजी प्रत जोडा.

हे सगळं मी दुसऱ्या खेपेला केलं. पहिल्या वायरमनने अडीचची वायर आणि घरातल्या बोर्डावर असतो तसला साधा सॉकेट लावला होता. ‘गिझर चालतो की यावर,’ म्हणाला. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी सहा तास. तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. प्लग ओढला तर एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तपकिरी झालेलं, आणि आतला स्क्रू बोटानं फिरत होता. आता नवा सॉकेट आहे, तरी महिन्यातून एकदा चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हात लावून बघतो. कोमट चालतं. हात ठेववत नसेल तर एमसीबी पाडायचा आणि वायरमनला बोलवायचं.