हरलेल्या डावाचे यश

सन १९१८ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क शहरी बुद्धिबळाची एक स्पर्धा भरली होती. तीत अमेरिकेचा विजेता फ्रँक मार्शल व क्यूबा देशाचा तरुण खेळाडू कापाब्लांका यांची गाठ पडली. १९०९ साली झालेल्या सामन्यात कापाब्लांकाने मार्शलवर ८ डाव जिंकले होते. मार्शलला अवघा १ डाव जिंकता आला होता.

या वेळी पांढरे मोहरे कापाब्लांकाकडे होते. त्याने ‘रुय लोपेझ’ या नावाची सुरुवात केली. सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश धर्मगुरूचे हे नाव होय. या सुरुवातीत पांढऱ्याचा उंट तिसऱ्याच चालीस काळ्याच्या घोड्यावर रोख धरतो.

आठव्या चालीस मार्शलने वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सारले व राजापुढील प्यादे जाणूनबुजून उघडे टाकले. ही चाल त्याने कित्येक वर्षे गुप्त ठेवली होती, अशी आख्यायिका आहे. पांढऱ्याचे वजिराच्या बाजूचे मोहरे अद्याप आपापल्या घरीच होते. ते मदतीस येण्यापूर्वीच पांढऱ्या राजावर तुटून पडावे, असा मार्शलचा बेत होता.

प्यादे घेतले तर भयंकर हल्ला होणार, हे कापाब्लांकाने ओळखले. तरीही आव्हान नाकारणे त्यास कमीपणाचे वाटले. त्याने प्यादे घेतले. मार्शलचे वजीर, उंट व घोडा राजावर चालून आले. पंधराव्या चालीस मार्शलने घोड्याचाही बळी देऊ केला. तो वजिराने मारण्याचा मोह कापाब्लांकाने आवरला आणि हत्ती एक घर पुढे सरकविला. पुढे त्याचा राजा एकेक घर चालत संकटातून बाहेर पडला. छत्तिसाव्या चालीस कापाब्लांकाने डाव जिंकला.

मार्शल हरला, पण त्याची चाल हरली नव्हती. अकराव्या चालीस त्याने आपला घोडा मागे घेतला होता. त्याऐवजी प्यादे पुढे सारून घोड्यास आधार दिला, तर हल्ला अधिक बळकट होतो, असे पुढे आढळून आले. १९६५ साली स्पास्कीने ताल याच्याविरुद्ध हीच पद्धत यशस्वी रीतीने वापरली. कापाब्लांका १९२१ साली जगज्जेता झाला. परंतु त्या दिवशी हरलेल्या खेळाडूचे नावही अमर झाले. ती सुरुवात आज ‘मार्शल हल्ला’ म्हणून सर्वत्र ओळखली जाते.

प्रश्न
१. मार्शलने आपले प्यादे जाणूनबुजून का गमावले?
२. ‘मार्शल हरला, पण त्याची चाल हरली नव्हती,’ असे का म्हटले आहे?