रायरेश्वराच्या पठारावरील शेती

आम्हा इंदूरकरांना डोंगर म्हटला की महूजवळचा जानापाव आठवतो. चंबळेचा उगम पाहावयास जायचे आणि सायंकाळी घरी परतायचे. डोंगरमाथ्यावर माणसे पिढ्यानपिढ्या नांगर धरतात, ही गोष्ट मला भोर तालुक्यातील रायरेश्वरावर गेल्यानंतरच खरी वाटली.

सह्याद्रीतील हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच. कोर्ले गावाकडून चढून गेल्यावर अखेरच्या कड्यास लोखंडी शिडी लागते. वर महादेवाचे मंदिर आणि जंगम कुटुंबांची लहानशी वस्ती आहे. १६४५ साली शिवरायांनी येथे स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. शाळेच्या पुस्तकामुळे तेवढेच आपणांस ठाऊक असते. देवाची पूजा करून पोटासाठी तेथील जमीन कसणाऱ्यांविषयी परीक्षेत प्रश्न येत नाही!

जंगम हा वीरशैवांचा गुरुवर्ग. बाराव्या शतकात कर्नाटकात बसवेश्वरांनी ज्या धर्मपरंपरेस चालना दिली, तिच्याशी त्यांचे नाते आहे, हे आपल्या कन्नड विभागातील मित्रांना सांगावयास नकोच. आल्प्समधील बोस्को गुरिन हे गाव येथे आठवते. तेराव्या शतकात वाल्सर लोक तेथे जाऊन वसले, आणि इटालियन भाषेच्या तिचिनो प्रांतात ते जर्मन बोलणारे एकमेव गाव राहिले. रायरेश्वरावर बोलणे मराठीच. नावातली परंपरा मात्र दक्षिणेकडची.

पावसाळ्यात धुके आणि मुसळधार पाऊस. पिके नाचणी, गहू अशी. परंतु खरी अडचण बैलाची. मोठा बैल शिडी चढू शकत नाही. म्हणून वासरू लहान असतानाच खांद्यावर घेऊन वर न्यावयाचे. ते तेथेच वाढते आणि तेथेच औताला जुंपले जाते. जोडीतील एक बैल गेला तर बाजार गाठून दुसरा आणता येत नाही. नवे वासरू जुंपण्याजोगे होईपर्यंत शेजाऱ्याच्या बैलावर भिस्त. त्यात तरुण मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी खाली उतरतात, म्हणजे वासरू वाहणारे खांदेही कमी झाले.

२०२२ साली एका कुटुंबाने ट्रॅक्टर सुटा करून त्याचे भाग माणसांकरवी वर चढविले आणि पठारावर पुन्हा जोडले. आता नांगरट लवकर उरकते. डिझेल मात्र शिडीवरूनच न्यावे लागते.