‘एकच प्याला’ आणि महाविद्यालयीन विद्यार्थी

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत नाटककाराचे निधन झाले होते. मराठीच्या अभ्यासक्रमात आपण हे नाटक वाचतो, सिंधूच्या सहनशीलतेवर आणि गडकऱ्यांच्या भाषावैभवावर टिपणे काढतो. नाटकातील एका गोष्टीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. सुधाकर हा अशिक्षित, आळशी किंवा वाईट चालीचा मनुष्य नाही. तो बुद्धिमान वकील आहे. न्यायालयात झालेला अपमान त्याला सहन होत नाही, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या अस्वस्थ घटकेला त्याच्याजवळ तळीराम असतो. पहिला पेला सांत्वन म्हणून पुढे येतो. दारूची चव सुधाकराला ठाऊकही नसते. त्याला दुःख विसरायचे असते आणि शेजारी कुणीतरी हवे असते.

महाविद्यालयीन परिसरातील व्यसनांचा विचार येथूनच सुरू करावा, असे वाटते. अपमान, अपयश, एकटेपणा आणि सोबतीची ओढ ही अठरा ते एकवीस या वयाची नित्याची सामग्री आहे. तळीरामही वर्गात, वसतिगृहात किंवा लोकलच्या डब्यात सहज भेटतो. त्याचा हेतू दुष्ट असतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ एक पायरी पुढे गेलेला मित्र असतो.

व्यसन शब्दाचा अर्थ

संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. मराठीत तो ‘वाईट सवय’ एवढ्यावर येऊन थांबला. सवय म्हटली की ती मनाच्या निश्चयाने सुटेल असे आपण गृहीत धरतो आणि जो सोडू शकत नाही त्याला दुबळा ठरवतो. आजचे वैद्यकशास्त्र व्यसनाधीनतेला आजार मानते. या आजाराची वाट ठरावीक आहे. प्रथम प्रसंगापुरते घेणे, मग तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागणे, त्यानंतर न घेतल्यास हात कापणे, झोप न लागणे, जीव कासावीस होणे. या शेवटच्या अवस्थेत मनुष्य मजेसाठी पीत नाही, त्रास टळावा म्हणून पितो. अशा व्यक्तीने दारू एकाएकी सोडली तर भ्रम होणे, झटके येणे असे गंभीर, क्वचित प्राणघातक परिणाम होऊ शकतात. म्हणून येथे शपथेपेक्षा डॉक्टरांची गरज अधिक असते.

विवेक, संयम आणि परिणामांचा विचार ज्या मेंदूच्या पुढील भागावर अवलंबून असतात, तो पूर्ण विकसित होण्यास वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे नशेला आवर घालणारे यंत्र अजून घडत असतानाच आपण त्याच्यावर नशेचा भार टाकतो. लवकर सुरुवात करणाऱ्यांमध्ये व्यसन जडण्याचा धोका अधिक असतो, याचे एक कारण हे आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

दारूच्या प्रश्नाची जाण आपल्याकडे नवी नाही. १८८० साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेत असताना शहरातील वाढत्या दारू दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदी कायदा झाला. तोच पुढे सुधारत आज महाराष्ट्रात लागू आहे. त्यानुसार बिअर व वाइनसाठी वयाची एकवीस वर्षे आणि इतर मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, शिवाय पिण्याचा परवानाही लागतो. याचा सरळ अर्थ असा की, पदवीच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांना बिअरसुद्धा कायद्याने वर्ज्य आहे.

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ आले. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने येणारी ही तपकिरी हेरॉइनची भुकटी महाविद्यालयीन मुलांपर्यंत पोहोचली आणि ‘गर्दुल्ला’ हा नवा शब्द मराठीला मिळाला. १९८५ साली अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा झाला. याच सुमारास अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातील मुलांवर लेखन केले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची उभारणी मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केली. रुग्णाला गुन्हेगार न मानता माणूस म्हणून वागवावे आणि त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घ्यावे, ही तेथील रीत. एका लेखमालेतून एक संस्था उभी राहिली, ही गोष्ट कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

गर्दचा जोर पुढे ओसरला, परंतु जागा रिकामी राहिली नाही. गांजा होताच, खोकल्याची औषधे, झोपेच्या गोळ्या आल्या आणि ‘एमडी’ या नावाने मेफेड्रोन आले. २०१५ सालापर्यंत हा पदार्थ अमली पदार्थांच्या यादीतच नव्हता. कायदा नेहमी पदार्थाच्या मागून चालतो, हे यावरून दिसते.

‘सगळेच घेतात’

पहिल्या पेल्यामागे बहुधा एकच वाक्य असते : “अरे, सगळेच घेतात!” ते तपासून पाहू. केंद्र शासनासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात, असे त्यात आढळले. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. म्हणजे शंभर पुरुषांपैकी सुमारे त्र्याहत्तर पीत नाहीत. भांग-गांजासारख्या पदार्थांचे सेवन करणारे २.८ टक्के आहेत. ‘सगळे’ म्हणजे प्रत्यक्षात आपल्या कट्ट्यावरचे चौघे-पाचजण असतात. न पिणारा गप्प बसतो आणि पिणारा मोठ्याने सांगतो, म्हणून संख्या उलटी भासते.

मात्र याच अहवालातील दुसरा आकडा चिंता वाढविणारा आहे. मद्यामुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक पावणेसहा कोटींच्या घरात आहेत, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीसजणांपैकी केवळ एकाला कसलेतरी उपचार मिळतात. पिणारे कमी आहेत, पण जे बुडतात त्यांना हात देणारे त्याहून फार कमी आहेत.

आंबिवलीच्या बाजूने पाहता

आपली आंबिवली शहाड आणि टिटवाळा यांच्यामधली. शेजारच्या मोहन्यातील एन. आर. सी. या रेयॉन कारखान्याच्या भोंग्यावर येथील घड्याळे चालत. २००९ मध्ये तो कारखाना बंद पडला. कारखान्याच्या पगारावर मुलांना शिकविण्याची स्वप्ने पाहणाऱ्या घरांत त्यानंतर काय झाले, हे येथे राहणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा घरातून कल्याणला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी ही बहुधा त्या घरातील पहिली पदवीधर होणार असते. संपन्न घरातील मुलगा वर्ष गमावतो तेव्हा वडील दुसरी वाट काढून देतात. येथे एक वर्ष गेले की धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबते. नशेची खरी किंमत बाटलीवर छापलेली नसते, ती अशी घराघरांत वेगवेगळी वसूल होते.

आपल्याकडे निमित्तांचीही कमतरता नाही. गटारी, थर्टी-फर्स्ट, धुळवड, सेंड-ऑफ, पावसाळी सहल. दिव्यांची अवस म्हणून जी पूजायची, तिला आपण ‘गटारी’ करून टाकले. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि नदीकाठी तरुण बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यांतील काहींमागे नशा असते. स्वस्त, बेकायदा दारूचा धोका निराळाच. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. अशा दारूत मिथेनॉल असते; शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते प्रथम दृष्टीवर घाला घालते.

मित्राचे काम

मग करावे काय? भित्तिपत्रके आणि २६ जूनची भाषणे होतात, ती व्हावीतही. पण तळीराम मित्राच्या रूपाने येत असेल, तर त्याला उत्तरही मित्रानेच दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, ‘नको’ म्हणणाऱ्याची टिंगल होऊ देऊ नये. मंडळीत एकजण जरी त्याच्या बाजूने बोलला, तरी नकार टिकतो. दुसरी, व्यसनात शिरलेल्या मित्राची हजेरी लावणे, घरी खोटे सांगणे, उसने पैसे देणे याला मैत्री समजू नये. त्यामुळे त्याचा आजार लांबतो. तिसरी, त्याला वाळीत टाकू नये. शुद्धीवर असताना, एकट्याला गाठून, न रागावता बोलावे आणि विश्वासातील प्राध्यापकांकडे किंवा डॉक्टरांकडे सोबत जावे. १४४४६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. अनेकांना पोलिसांची भीती वाटते. परंतु अमली पदार्थांच्या आहारी गेलेली व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ नुसार आहे. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

प्राध्यापकांनाही एक विनंती करावीशी वाटते. सतत गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव काढून टाकण्यापूर्वी, एकदा त्याला बोलावून कारण विचारावे. नोटीस फलकावरील यादीपेक्षा त्या एका प्रश्नाचा उपयोग अधिक होईल.

सुधाकराजवळ रामलालसारखा सन्मित्र होता. पण मोक्याच्या घटकेला सुधाकराच्या शेजारी तळीराम बसला होता. आपल्या वर्गात आज त्या जागेवर कोण बसले आहे, एवढे जरी आपण डोळसपणे पाहू लागलो, तरी हे नाटक वाचल्याचे सार्थक होईल.