सुटून आलेली मुलगी आणि तिचा गांव

फसवून नेऊन विकलेल्या मुलीस पोलिसांनीं सोडविलें, म्हणजे कार्य संपलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः खरें कार्य तेथूनच सुरू होतें. या पाठांत सुटकेनंतरच्या मार्गाचा आपण विचार करूं.

पहिली गोष्ट, पूर्वींचा धडा. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों निराधार मुली आणि विधवा यांस त्यांनीं आश्रय दिला. उपाशी मुलींना भुलवून नेणारे लोक तेथें टपलेले होते, हें त्या जाणून होत्या. केडगांवीं त्यांनीं केवळ अन्नवस्त्र दिलें नाहीं. लिहिणें-वाचणें, विणकाम, शेतकाम व छापखान्याचें कामहि शिकविलें. कुमार्गास लाविल्या गेलेल्या स्त्रियांकरितां कृपासदन निराळें काढिलें. ज्या हातांस काम आहे, त्यांस दलालाचें आमिष सहसा गोड लागत नाहीं.

दुसरी गोष्ट, कायद्याचा मार्ग. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याप्रमाणें सोडविलेल्या स्त्रीस दंडाधिकाऱ्यापुढें नेतात. तिचें वय काय, आणि तिला नेऊं पाहणारे आईबाप अथवा पालक योग्य आहेत कीं नाहींत, याची चौकशी होते. ही चौकशी व्यर्थ नव्हे. कारण विकणारा पुष्कळदां परका नसून आप्त किंवा शेजारीच असतो. अशा घरीं तिला धाडणें म्हणजे पुन्हा जाळ्यांत लोटणें होय. या कामीं दंडाधिकाऱ्यास पांच प्रतिष्ठित व्यक्तींचें साह्य घेतां येतें, व त्यांत शक्य तेथें तीन स्त्रिया असाव्या असें कायदा सांगतो. तिला एक ते तीन वर्षें संरक्षणगृहांत ठेवण्याचा हुकूम होऊं शकतो. १८ वर्षांखालील मुलीस २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें. परंतु संरक्षणगृह हा तुरुंग नव्हे. प्रौढ स्त्रियांस इच्छेविरुद्ध ठेविलें आहे काय, हें पाहण्यासाठीं अशा गृहांची पाहणी करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें १९ मे २०२२ रोजीं राज्यांस फर्माविलें. तसेंच १९८७ च्या कायद्यानें अशा पीडितांस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट, आपलें कर्तव्य. ती गांवीं परतली म्हणजे न्यायालय दूर राहतें आणि पाणवठा जवळ येतो. तेथील एका टोमण्यानें वर्षाचें काम धुळीस मिळतें. म्हणून पाळकांनीं व उपदेशकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

(१) तिला झालेलें विचारूं नये. मंडळीपुढें उभी करून साक्ष तर मुळींच देववूं नये. ती सांगेल तें ऐकावें व पोटांत ठेवावें. अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणें हा गुन्हाहि आहे.

(२) लग्नाची घाई करूं नये. लग्न हें तिची लाज झांकण्याचें वस्त्र नव्हे. कारण लाज तिची नव्हे, विकणाऱ्याची आहे.

(३) तिच्या कमाईचे पैसे तिच्याच नांवें बँकेंत राहावे.

(४) दलाल पुन्हा गांवांत दिसला, तर पोलिसांस कळवावें. मुलगी लहान असल्यास १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

आम्हांस वाटतें कीं, सोडविणें हें एका रात्रीचें काम आहे, सांभाळणें हें अनेक वर्षांचें. पहिलें पोलिसांचें, दुसरें तुमचें-आमचें.

विचारार्थ प्रश्न : आपल्या गांवांतून कामाच्या आशेनें गेलेल्या मुलींची खबर कोण घेतो? अशी मुलगी उद्यां परत आली, तर प्रथम कोणतें दार तिला उघडें सांपडेल?