पिशवीच्या ऑपरेशनचंही ऑडिट होतं का?

प्रश्न : माझ्या मावसबहिणीची पिशवी 32व्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, एवढंच कारण. पतसंस्थेचं ऑडिट ठाऊक आहे. ऑपरेशनचंही होतं म्हणतात. ते कसं करतात? त्यानं काही फरक पडतो का?
(एक वाचक, रेणापूर)

उत्तर : होतं, आणि व्हायलाच हवं. तुमच्या तालुक्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये हाच प्रश्न पेटला. तीन वर्षांत 4,605 बायकांच्या पिशव्या काढल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक.

आकडा नुसतं बोट दाखवतो. कुणाची पिशवी विनाकारण गेली, हे केसपेपर उघडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी आधी निकष कागदावर मांडावे लागतात : औषधं किती महिने दिली, सोनोग्राफी आणि पॅप तपासणी झाली का, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं का. मग ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर घेऊन सहा महिन्यांतल्या सगळ्या केस ओळीनं काढायच्या. डॉक्टरांनी निवडून दिलेल्या फायली पाहिल्या तर सगळं छानच दिसणार! शेवटी काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट पाहायचा. केसपेपरवर 'मोठी गाठ' आणि रिपोर्टात गाठच नाही, असं एखाद्या फायलीत दिसलं तर चूक म्हणता येईल. पाच फायलींत दिसलं तर डॉक्टरांना समोर बसवून विचारावंच लागतं. पिशवी तपासायलाच पाठवली नसेल, तर माझ्या मते ते सगळ्यांत वाईट.

फरक पडतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात 1970च्या सुमारास ही ऑपरेशनं फार वाढली, तेव्हा डॉक्टरांच्याच संस्थेनं समिती नेमून फायली तपासल्या. सात रुग्णालयांत गरज नसताना केलेल्या ऑपरेशनांचं प्रमाण सुमारे 24 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आलं. दुसऱ्यांदा मोजलं, म्हणून हे कळलं. आपल्याकडे पहिली मोजणी गाजते आणि दुसरी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. बीडमध्ये पुढे या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. त्यानं ऑपरेशनं खरंच घटली, की बाया लातूरकडे येऊ लागल्या? दोन्ही जिल्ह्यांची रजिस्टरं शेजारी ठेवल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही.

बहिणीचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. केसपेपर आणि पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत लेखी अर्ज करून मागा. अर्ज दिल्यापासून 72 तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे. रुग्णालयानं कागद तीन वर्षं ठेवायचे असतात, तेव्हा अर्जाला उशीर करू नका.