बेवड : जमिनीची मागील बाकी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मुळे आणि जिवाणू यांवर लिहावे, याचे कोणाला हसू येईल. पण एकाच तुकड्यात तीन वर्षे तूर घ्यावी, हा हिशेब मीच वडिलांना मांडून दिला होता. तुरीला भाव होता, बियाणे घरचे होते. माझ्या वहीत नफा चोख दिसत होता. "बेवड पालटायला हवा," एवढेच आजी म्हणाली. तिच्या या शब्दाला माझ्या वहीत रकाना नव्हता.

बेवड म्हणजे आधीच्या पिकाने पुढच्यासाठी जमिनीत मागे ठेवलेले बरेवाईट. आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत आरंभीची शिल्लक. ती ठेवते कोण? झाड पानांत तयार झालेल्या साखरेचा काही भाग मुळांवाटे मातीत सोडते. त्यावर जिवाणू व बुरशी यांची दाट वस्ती होते. कोणाची वस्ती वाढावी हे बरेचसे पिकावर ठरते, आणि वाढलेली वस्ती पुढच्या पिकाची वाढ ठरवते.

याची चांगली बाजू द्विदल पिकांत दिसते. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही झाडाला तो थेट घेता येत नाही. मुळांवरच्या गाठींमुळे द्विदलांना तो मिळतो, हे १८८६ साली हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे काढले. मूळ काही द्रव्ये सोडून त्यांना बोलावते, जिवाणू उलट रासायनिक निरोप धाडतात, मग केशमूळ वळते व त्यांना आत घेते. साखर द्यायची, नत्र घ्यायचा. हा व्यवहार डोळे मिटून चालत नाही. सोयाबीनवरील एका प्रयोगात (२००३) काही गाठींना नत्र देताच येऊ नये अशी व्यवस्था केली, तेव्हा झाडाने त्यांचा प्राणवायू आखडता घेतल्याचे आढळले! आमचे उधारीवाले दुकानदारही इतके दक्ष नसतात.

मग तूर तर द्विदलच. तीन वर्षांत जमीन सुधारायला नको होती का? मी हेच धरून चाललो होतो. पण त्याच मुळांवर फ्युजेरियम उडम ही बुरशीही पोसली जाते. बटलर यांनी १९१० साली तिचे हे नाव ठेवले. कापणीनंतर राहिलेल्या धसकटांत ती वर्षानुवर्षे तग धरते, पुन्हा तूर आली की मुळांत शिरते आणि पाणी वर चढण्याच्या नळ्या तुंबवते.

पहिल्या वर्षी चार-दोन झाडे वाळली. कोणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या वर्षी रानात ठिगळे पडली. तिसऱ्या वर्षी ऐन शेंगा भरायच्या वेळी निम्म्या तुरीने माना टाकल्या. शेजारच्या काकांनी एक खोड सोलून आतली काळपट रेघ दाखविली आणि म्हणाले, "सोरगु." कन्नडमध्ये सोरगु म्हणजे कोमेजणे; मराठीत याला मर म्हणतात. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मला यांतला एकही शब्द ठाऊक नव्हता.

ज्वारीवर ही मर पडत नाही. म्हणून ज्वारीचा पालट केला, किंवा तुरीत ज्वारीच्या ओळी घेतल्या, की रोग कमी होतो. मर सोसणारी 'मारुती' ही तुरीची जातही आहे. यंदा त्या तुकड्यात ज्वारी आहे. पेरणीपूर्वी धसकटे वेचून जाळायला दोन दिवस मीच राबलो. ही मजुरी वहीत कोणाच्या नावे टाकू, असे वडिलांना विचारले. ते म्हणाले, "तुझ्याच."